ब्रेकेज कोणाच्या नावावर?

रसायनशास्त्राच्या आमच्या लॅबमध्ये लाल कापडी बांधणीचं एक रजिस्टर होतं. वर स्केचपेनने लिहिलेलं, 'ब्रेकेज'. आत सहा रकाने: तारीख, रोल नंबर, वस्तू, कारण, रक्कम, सही. एका अनुदानित ज्युनिअर कॉलेजात मी २६ वर्षं शिकवलं. त्यातला बराच काळ हे रजिस्टर माझ्या ताब्यात होतं, पण ते सलग वाचायची वेळ कधी आली नव्हती. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना ऑडिटच्या निमित्ताने एका दुपारी ते पहिल्या पानापासून चाळत बसले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. 'कारण' या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत तेच ते वाक्य होतं, 'हातातून निसटली'. आणि तारखा पाहिल्या तर जून ते नोव्हेंबर पानं कोरी, डिसेंबरात एखाददुसरी नोंद, आणि जानेवारीत एकदम पानंच्या पानं भरलेली.

पहिली गोष्ट समजण्यासारखी आहे. 'निसटली' म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. पैसे भरले, सही केली, सुटलो. दुसरी गोष्ट मात्र मला झोंबली. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असते. म्हणजे मुलांच्या हातात वस्तू पडायच्या त्या परीक्षा तोंडावर आल्यावर. त्याआधीचे सहा महिने आम्ही टेबलापाशी उभं राहून 'बघा, असा रंग बदलतो' करत होतो आणि मुलं जर्नलात आकडे उतरवत होती. वर्गाची हजेरी कोणीही भरून काढू शकतं. प्रयोगशाळेची खरी हजेरी त्या लाल रजिस्टरात होती आणि तिथे आम्ही सहा महिने गैरहजर होतो.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या सोसायटीतले एक पालक. त्यांची मुलगी नववीत, खासगी शाळेत. चार मुलींच्या गटाला मिळून एक सूक्ष्मदर्शक दिलेला होता. तास संपला तेव्हा त्याची मोठी भिंग स्लाइडवर आपटून खराब झालेली निघाली. शाळेने चौघींच्या घरी चिठ्ठी पाठवली: दुरुस्तीचा खर्च समान वाटून भरावा, अन्यथा निकालपत्रक मिळणार नाही. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. भरायचे का हो?" त्यांनी लिफ्टपाशी विचारलं. मी चटकन 'नाही' म्हटलं. ते म्हणाले, "मग कोणी भरायचे?" त्यावर लिफ्ट आली.

लिफ्टच्या वेळेत न मावलेलं उत्तर इथे देते. माझं म्हणणं असं आहे की प्रयोग करताना जे फुटतं, बिघडतं, जळतं, तो शिकवण्याचा खर्च आहे. खडूचा खर्च जसा शाळेचा, तसाच हाही. तो मुलाचाही नाही आणि शिक्षकाचाही नाही. मुद्दाम केलेली मोडतोड ही वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येते.

आधी एक प्रसंग. अकरावीची बॅच, उदासिनीकरणाच्या उष्णतेचा प्रयोग. प्लॅस्टिकच्या पेल्यात आम्ल, त्यात मोजून अल्कली ओतायचं आणि तापमान किती चढतं ते पाहायचं. प्रत्येक बॅचला मी ओरडून सांगायचे, थर्मामीटरने ढवळू नका, काचेची कांडी दिली आहे. प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी थर्मामीटरनेच ढवळायचं, कारण एका हातात पेला, दुसऱ्यात थर्मामीटर, आणि कांडी धरायला तिसरा हात कुठून आणणार? त्या दिवशीही कुठे काही वाजल्याचं मला ऐकू आलं नाही. तास संपल्यावर लॅबमधले मामा सामान मोजायला लागले तर एक थर्मामीटर कमी. आम्ही सिंक पाहिली, कचऱ्याची बादली पाहिली. शेवटी मामांना तिसऱ्या टेबलाच्या फळ्यांमधल्या फटीत काहीतरी चमकताना दिसलं. पारा. मुलीने फुटलेली नळी ओढणीत गुंडाळून दप्तरात टाकली होती, पाऱ्याचे मणी बोटाने फटीत सारले होते आणि बोट ओढणीलाच पुसलं होतं.

पारा खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत जात राहतो, ती वाफ दिसत नाही, तिला वास नसतो. सांडल्याबरोबर खिडक्या उघडायच्या, मुलांना बाजूला करायचं, झाडू अजिबात लावायचा नाही कारण त्याने एका थेंबाचे पन्नास होतात, कागदाच्या घडीने किंवा ड्रॉपरने मणी गोळा करायचे, उरलेल्यावर गंधकाची पूड टाकायची. पाच मिनिटांचं काम. पण ते करायला कोणीतरी 'मॅडम, फुटलं' असं म्हणावं लागतं. त्या मुलीने ते म्हटलं नाही. का, हे दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "दोनशे रुपये लागतात ना मॅडम." दंडाचा फलक आम्हीच दारावर लावला होता. वस्तूंची यादी आणि पुढे किमती, हॉटेलच्या मेनूकार्डासारखी. त्या फलकाने मुलं जपून वागायला शिकली का, मला माहीत नाही. लपवायला मात्र नक्की शिकली. पाऱ्याचे थर्मामीटर आता मागे पडत आहेत, पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला भारतानेही २०१८ मध्ये मान्यता दिली. पण आम्लाची बाटली तडकली तरी मुलाच्या डोक्यात आधी तोच फलक येणार आहे.

दंडाच्या बाजूने बोलणारे 'जबाबदारी' हा शब्द फार वापरतात. शब्द चांगला आहे. पण त्या फलकावर जबाबदारी मोजली जात नाही, वस्तूची किंमत मोजली जाते. दोन मुलांचा हात सारखाच घसरला. एकाच्या हातात परीक्षानळी होती, ती काही रुपयांची. दुसऱ्याच्या हाताखाली सूक्ष्मदर्शक होता, तो काही हजारांचा. चूक तीच, बेसावधपणाही तितकाच, आणि शिक्षेत शेकडो पटींचा फरक. याला न्याय म्हणायचं की मटका?

शिवाय त्या हाताच्या मागे कोणाकोणाचे हात असतात ते पाहा. काचेचंच घ्या. प्रयोगशाळेसाठीची चांगली काच म्हणजे बोरोसिलिकेट. तापवल्यावर ती साध्या सोडा काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून गरम नळी चुकून थंड पाण्यात धरली तरी बऱ्याचदा वाचते. साध्या काचेची नळी त्याच क्षणी 'टच्' करते. कोटेशन मागवताना सर्वांत कमी दराची नळी घ्यायची हे मुलाने ठरवलेलं नसतं. सूक्ष्मदर्शकाचंही तेच. जरा बऱ्या उपकरणात जास्त शक्तीच्या भिंगेला आतून स्प्रिंग असते, ती स्लाइडला टेकली तर मागे सरकते. स्वस्त उपकरणात ती नसते. मोठा स्क्रू जोराने फिरवला की भिंग थेट काचेवर. ज्यांनी ती स्प्रिंग वाचवून पैसे वाचवले, त्यांनी तो खर्च नववीतल्या मुलीच्या नावावर पुढे ढकलला, एवढंच.

आणि फुटणं दिसतं एका क्षणी, चिरणं कितीतरी आधी झालेलं असतं. सकाळच्या बॅचने ब्युरेटला, म्हणजे द्रव थेंबथेंब मोजून सोडायच्या लांब नळीला, स्टँडवर घट्ट आवळलं, दुपारच्या बॅचने तिचा अडकलेला कॉक, म्हणजे खालची तोटी, जोर लावून फिरवला, आणि तिसऱ्या दिवशी कोणा बिचाऱ्याने नुसतं पाणी भरलं तर ती दोन तुकड्यांत हातात आली. रजिस्टरात नाव त्याचं. संगीतखुर्चीत गाणं थांबतं तेव्हा जो उभा, तो बाद. आमच्याकडे उलट, ज्याच्या हातात वस्तू तो बाद. वीजप्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचं तर विचारूच नका. भौतिकशास्त्राचे सर म्हणायचे, त्याची कॉइल जळते एकदा, पण काटा चार वर्षं अडकतच असतो.

गटाला मिळून दंड लावणं हा तर माझ्या मते सरळ अन्यायच आहे. चौघींपैकी स्क्रू एकीने फिरवला. कदाचित एक जण तर वहीत आकृती काढत होती. 'सांगत नाही ना, मग सगळ्यांनी भरा' असं म्हणायचं म्हणजे मुलींना एकमेकींची नावं सांगायला शिकवायचं. गावात एकाच्या चुकीसाठी सगळ्या आळीला वेठीला धरलं तर आपण पेपरात पत्र लिहू. शाळेत तीच गोष्ट 'शिस्त' होते.

कायद्याचं पाहू. १९२० च्या दशकातल्या मुंबईतल्या गिरण्यांमध्ये विणताना खराब झालेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची रीत होती. संपांच्या मागण्यांमध्ये हा विषय असायचा. पुढे १९३६ साली, इंग्रजांच्याच राज्यात, पगारातून काय कापता येईल आणि काय नाही याचा कायदा झाला. त्यात मालाच्या नुकसानीपोटी कापायचं असेल तर अटी आल्या. माल त्या कामगाराच्या ताब्यात रीतसर दिलेला असला पाहिजे. नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे. कापलेली रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. दंडाबद्दल तर त्याच कायद्यात आणखी एक ओळ आहे: पंधरा वर्षांखालच्या कोणाही कामगाराला दंड करता येणार नाही. जमलेला दंड मालकाने खिशात घालायचा नाही, तो कामगारांच्याच हितासाठी वापरायचा, हेही त्यात आहे. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली, तरी पंधरा वर्षांची ती ओळ तिथेही कायम आहे.

म्हणजे ज्याला कामाचे पैसे मिळत होते, अशा चौदा वर्षांच्या पोऱ्यालाही दंडापासून संरक्षण होतं. आणि जी मुलगी स्वतः फी भरून शिकायला आली आहे, तिला बाजू मांडायची संधी नाही, नुकसान कसं मोजलं ते सांगायचं बंधन नाही, आणि वर निकालपत्रक अडवायची धमकी. गिरणीमालकाला जे जमत नव्हतं ते शाळेच्या ऑफिसला जमतं.

प्रवेशाच्या वेळी पालक आणि विद्यार्थी दोघांच्या सह्या घेतलेलं एक हमीपत्र असतं, 'नुकसान झाल्यास भरपाई देईन' वगैरे. मुलाच्या सहीला तर काडीची किंमत नाही. अठरा वर्षांखालची व्यक्ती करार करायला सक्षम नाही, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे आणि अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून टाकलं. पालकाच्या सहीला वजन आहे, पण प्रवेशाच्या खिडकीपाशी, मागे रांग असताना, छापील कागदावर केलेली सही किती मोकळ्या मनाने केलेली असते हे आपण सगळेच जाणतो. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. सरकारी शाळेतल्या मुलाला शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल असा कुठलाही खर्च भरायला लावता येत नाही आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला तर तो मुख्याध्यापकाने लगेच द्यायचा असतो. नववी ते बारावी ही मात्र अधांतरी राहिली आहे. नेमक्या याच चार वर्षांत खऱ्या अर्थाने लॅब सुरू होते, आणि याच वर्षांत 'नो ड्यूज'च्या कागदावर लॅबची सही नसेल तर पुढचं सगळं अडतं. जर्नलवर सही हवी असेल तर आधी ब्रेकेज भर, असं मीही म्हटलेलं आहे. बारावीला प्रात्यक्षिकाचे ३० गुण. ते मुठीत धरून मी मुलांकडून पिपेटचे पैसे वसूल केले. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

असं मी का केलं? दुष्टपणाने नाही. भीतीने. मुलांकडून पैसे घेणाऱ्या शिक्षकाच्या मागे कोण उभं असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते, आपण तिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतो. नाव फार समर्पक आहे. एकदा त्यात चढलेली वस्तू मेली तरी कागदावर जिवंत राहते. ती काढून टाकायची तर निर्लेखन. त्यासाठी प्रस्ताव, समिती, मंजुरी. तोवर चार्ज ज्याच्याकडे त्याने उत्तर द्यायचं. मी ज्यांच्याकडून चार्ज घेतला ते सर मला म्हणाले होते, "वस्तू मोडली तरी टाकू नका, तुकडे ठेवा." आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर एका खोक्यात वीस वर्षांचे तुकडे होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. पुराणवस्तू संग्रहालयातही इतकी निगुतीने नोंद होत नसेल.

अशा माणसाला दोनच वाटा उरतात. एक, मुलाकडून पैसे घेऊन वस्तू परत आणायची. दुसरी, कपाट उघडायचंच नाही. दुसरी जास्त सुरक्षित, आणि बहुतेक जण तीच धरतात. अटल टिंकरिंग लॅबचं, म्हणजे शाळेतल्या मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहाव्यात या केंद्र सरकारच्या योजनेचं, उदाहरण घ्या. २०१६ पासून या योजनेत एकेका शाळेला २० लाखांपर्यंत मदत मिळते, त्यातले १० लाख पाच वर्षांच्या चालवण्याच्या खर्चासाठी. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सर्किट बोर्ड, खोली रंगवलेली. मी अशा एका लॅबमध्ये पाहुणी म्हणून गेले होते. सगळं चकचकीत. एका सर्किट बोर्डाचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. पाहुणे आल्यावर उघडतो, असं तिथल्या शिक्षिकेने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. "जळलं तर माझ्यावर येईल." तिला मी काय बोलणार? माझ्या रजिस्टरातली जून ते नोव्हेंबरची पानं मला आठवत होती.

या बाबतीत होशंगाबादचा अनुभव विसरता येत नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १६ शाळांमध्ये विज्ञान शिकवायचा एक प्रयोग सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेला. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाच्या हातात सामान, आणि प्रयोग मुलांनीच करायचा. आपल्या पुण्यात पुढे आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात हजारो मुलांना खेळणी करायला लावणारे अरविंद गुप्ता तेव्हा टेल्को कंपनीतून रजा घेऊन तिथे गेले होते. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीच्या आकृत्या बनवायची त्यांची युक्ती तिथलीच. काडी मोडली तर? दुसरी घ्या. मोडण्याची भीतीच काढून टाकली की मुलाचा हात किती सैल होतो ते तिथे दिसलं. तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, ती कथा वेगळी. पण अकरावीत काड्यांवर भागत नाही हेही खरं. अनुमापनाला ब्युरेटच लागते आणि ब्युरेट बहुतेक ठिकाणी काचेचीच असते.

तर मग पैसे. 'शाळेने भरावेत' म्हणणं सोपं, शाळेकडे असतात का? सरकारी शाळांना २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट १०० ते २५० असेल तर वर्षाला ५०,००० रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा. उरलेल्यात वीजबिल, पाणी, इंटरनेट, खेळाचं सामान, दुरुस्ती आणि प्रयोगशाळाही. लॅबचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो, कारण वीज तोडायला माणूस येतो, परीक्षानळी संपली म्हणून कोणी येत नाही. अनुदानित शाळांचं वेतनेतर अनुदान म्हणजे तर पावसासारखं, आलं तर आलं. खासगी शाळांची गोष्ट निराळी. तिथे लॅब फी घेतात, वर अनामत घेतात, आणि फुटल्यावर दंडही घेतात. एकाच ब्युरेटचे पैसे तीनदा. त्यांनी तरी गरिबीचं गाऱ्हाणं सांगू नये. ती अनामत शाळा सोडताना किती पालक परत मागायला जातात, हाही प्रश्न एखाद्या पालक सभेत विचारून पाहावा.

पण रक्कम किती मोठी आहे याचा हिशोब कोणी मांडतच नाही. समजा, अकरावी-बारावीला मिळून १२० मुलं आहेत. माणशी वर्षाला १०० रुपये धरले तर १२,००० होतात. काच, थर्मामीटर, बारीकसारीक दुरुस्ती यांना एवढे बऱ्यापैकी पुरतात. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाला याहून जास्त लागतात. हा खर्च अंदाजपत्रकात 'अपेक्षित मोडतोड' म्हणून आधीच धरायचा, लॅबच्या शिक्षकाला ठरावीक रकमेपर्यंतची वस्तू स्वतःच्या सहीने निर्लेखित करायचा अधिकार द्यायचा, आणि मोठ्या उपकरणांसाठी थोडी रक्कम दरवर्षी बाजूला टाकायची. घरात आपण मिक्सरचं भांडं कधीतरी बदलावं लागणार हे धरूनच चालतो, सुनेच्या नावावर लिहून ठेवत नाही. (ठेवणारेही असतात, पण त्यांच्याबद्दल आपलं मत काय असतं?)

स्टाफरूममध्ये माझ्याशी सर्वांत जास्त वाद घालणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं मात्र मांडायला हवं, कारण ते पोकळ नव्हतं. ते म्हणायचे, फुकट म्हटलं की मुलं माजतात. आपल्या खिशाला चटका बसल्याशिवाय माणूस जपत नाही. मी त्यांना आमच्याच एका विद्यार्थ्याची आठवण करून द्यायचे. मोठ्या दुकानदाराचा मुलगा. कॉनिकल फ्लास्क फुटला की खिशातून नोट काढून टेबलावर ठेवायचा, "घ्या मॅडम, अजून एक द्या." चटका त्याच्या खिशाला बसतच नव्हता, उलट त्याने फोडायचा हक्क विकत घेतला होता. आणि त्याच टेबलावरची दुसरी मुलगी सबंध तास ब्युरेटला हातच लावायची नाही, फक्त आकडे लिहायची. दंडाने एकाला बेफिकीर केलं आणि दुसरीला लांब ठेवलं.

जपणं शिकवायला दुसरे रस्ते आहेत. फोडलं त्याने तुकडे नीट गोळा करायचे, सांडलेलं मामांच्या मदतीने पुसायचं, आणि काय चुकलं ते वर्गाला सांगायचं. हे पैसे देण्यापेक्षा अवघड आहे, नोट देऊन त्यातून सुटका होत नाही.

मुद्दाम केलेल्या मोडतोडीचं काय? बेंचवर सल्फ्युरिक आम्लाने नाव कोरणं, सूक्ष्मदर्शकाची भिंग काढून खिशात घालणं, असले प्रकारही मी पाहिले आहेत. तिथे भरपाई घ्यावी, माझी हरकत नाही. पण मुद्दाम केलं हे दाखवायची जबाबदारी शाळेची. मुलाला आणि पालकांना आधी ऐकून घ्यायचं. किंमत धरायची ती जुन्या वस्तूची, पंधरा वर्षं वापरलेल्या उपकरणासाठी नव्याची नाही. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काम करून फेडावं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कायदाच तसा आहे, पालकांकडून भरपाई घ्यायची तर नुकसान जाणूनबुजून केलेलं असलं पाहिजे, आणि ऐपत नसेल तर शाळेने मुलाला ऐच्छिक कामाचा पर्याय द्यायचा. निकालपत्रक, जर्नल, दाखला यांना मात्र कुठल्याही कारणाने हात लावू नये. सोसायटीतल्या त्या पालकांनाही मी शेवटी हेच सांगितलं: पैसे भरण्याआधी लेखी विचारा की स्क्रू कोणी फिरवला, फिरवताना शिक्षक कुठे होते, आणि भिंगेला स्प्रिंग होती का. त्यांनी विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही, निकालपत्रक मात्र आलं.

ऑडिटच्या त्या दुपारनंतर मी प्राचार्यांकडे गेले. बरीच घासाघीस झाली, पण लॅब फीमधून ब्रेकेजसाठी एक ठोक रक्कम बाजूला काढायला ते तयार झाले. दारावरचा किमतींचा फलक मामांनी उतरवला. रजिस्टरातला 'रक्कम' हा रकाना मी पट्टीने रेघ मारून बंद केला आणि 'कारण'च्या जागी लिहिलं, 'त्या वेळी काय करत होतात?'

पहिल्या महिन्यात मुलं बिचकत होती. मग हळूहळू खरं लिहायला लागली. 'थर्मामीटरने ढवळलं.' 'गरम नळी सिंकमध्ये ठेवली.' 'मागे वळून बोलत होतो, कोपर लागलं.' आणि एकापाठोपाठ पाच वेळा, पाच वेगवेगळ्या अक्षरांत, 'ब्युरेटचा कॉक फिरत नव्हता म्हणून जोर लावला.' मामांनी त्या वर्षी आलेल्या सगळ्या ब्युरेट खाली उतरवल्या, एकाही कॉकला ग्रीस नव्हतं. एका दुपारी बसून आम्ही दोघांनी सगळ्यांना ग्रीस लावलं. तोवर जुलै संपत आला होता, आणि जुलैच्या पानावर त्या वर्षी अकरा नोंदी होत्या.